पद्मजाबाईंचा माळी

अंबरनाथच्या कारखान्यात दिनानाथ मोहिल्यांना लोक वचकून असत. आवाज चढवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही. राखाडी कोट, चापून मागे वळवलेले काळेभोर केस आणि लकाकणारे बूट दाराशी दिसले, की खात्यातल्या गप्पा आपोआप मिटत. घरीही तसंच. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये जिन्यावर त्यांची पावलं वाजली की पद्मजाबाई "हे आले" एवढंच म्हणून रेडिओ बंद करीत. माणूस वाईट नव्हता. बायकोवर हात उगारला नाही, बाटलीला शिवला नाही, एकुलत्या एका मुलीला, मालिनीला, हवं तेवढं शिकवलं. फक्त या घरात आपल्यावाचून आणखी कुणी राहतं आणि त्याचंही काही हवं-नको असतं, हे त्यांच्या फारसं ध्यानात आलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साली ते निवृत्त झाले आणि बदलापूरला, भातखाचरं सुरू होतात तिथे एक बैठं घर बांधून राहिले. प्लॉट सखल होता. पावसाळ्यात मागच्या अंगाला पाणी तुंबे, आणि दिवाळी झाली तरी तिथली माती पायाला गार लागे. लोक म्हणाले, भराव टाकून घ्या. मोहिल्यांनी घरापुरता टाकला आणि मागचा तुकडा तसाच सोडून दिला. मालिनी लग्न होऊन बडोद्याला गेली होती. दोघंच होते. दिनानाथ सकाळी पेपर वाचत, दुपारी झोपत, संध्याकाळी नदीपर्यंत चालून येत. पद्मजाबाई वाल भिजवत, मोड आणत, सोलत आणि बिरडं करत.

बिरड्यातच पहिल्यांदा खोट दिसली. एकदा मीठ दोनदा पडलं. मग एकदा पडलंच नाही. मग एके दिवशी दिनानाथ स्वयंपाकघरात गेले तर पद्मजाबाई सोललेले वाल पुन्हा सोलत बसलेल्या. डाळिंब्यांना सालं नव्हतीच, तरी बोटं चालली होती. "अगं, झालेत ते," दिनानाथ म्हणाले. पद्मजाबाई हसल्या आणि सोलत राहिल्या.

त्यानंतर वर्षभरात एकदा भाजीला म्हणून बाहेर पडलेल्या पद्मजाबाई संध्याकाळपर्यंत परतल्या नाहीत. सापडल्या अंबरनाथला, जुन्या क्वार्टर्सच्या दारात. तिथे आता राहणाऱ्या बाईंना त्या विचारत होत्या, "तुम्ही माझ्या घरात कशा?" शेजाऱ्यांतल्या एका जुन्या माणसानं ओळखलं म्हणून बरं. उल्हासनगरच्या डॉक्टर हिंगोरानींनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आजचा वार विचारला. मग पद्मजाबाईंना बाहेर बसवून ते दिनानाथांना म्हणाले, "मोहिलेसाहेब, गोळ्या लिहून देतो, तुमच्या समाधानासाठी. पर जो चला गया, वो वापस नहीं आएगा. जेवढं उरलंय तेवढं संभाळा."

उरलेलंही भराभर ओसरत गेलं. आणि सगळ्यांत आधी त्यातून गेले ते दिनानाथ स्वतः. एका सकाळी पद्मजाबाई जाग्या झाल्या आणि शेजारच्या पलंगावर पांढऱ्या केसांचा म्हातारा बघून किंचाळल्या. "कोण तुम्ही? इथे कसे आलात? हे येतील आता, आधी बाहेर व्हा!" दिनानाथांनी नाव सांगितलं, लग्नाचा फोटो काढून दाखवला. त्यानं तर त्या आणखीच घाबरल्या. फोटोतला काळ्या केसांचा मनुष्य त्यांचा नवरा होता, आणि हा कुणी परका त्यांच्या नवऱ्याचा फोटो हातात घेऊन उभा होता.

त्या दिवसापासून दिनानाथांची गादी बाहेरच्या खोलीत आली. पद्मजाबाईंचं न्हाणं-खाणं जांभूळ गावाहून कामाला येणारी गयाबाई बघू लागली. दिनानाथ दारातून डोकावले तरी पद्मजाबाई पदर घट्ट ओढून भिंतीकडे सरकत. बोलणंही हळूहळू आटलं. दिवसाकाठी एखादा शब्द.

असं असताना श्रावणात एकदा गयाबाई त्यांना बाजारापर्यंत फिरवायला घेऊन गेली. दिनानाथ मागून, थोडं अंतर ठेवून चालत होते. रस्त्याच्या कडेला एक बाई पळसाच्या पानावर सोनटक्क्याची फुलं मांडून बसली होती. पांढरीशुभ्र, ओली, फुलपाखरं बसल्यासारखी. पद्मजाबाई थांबल्या. वाकून एक फूल उचललं, नाकाशी धरलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "रोह्याला आमच्या विहिरीमागे आहे हा. तिथे पाणी असतं ना बारा महिने. आई ओरडते, साप असतात म्हणून."

दिनानाथ रस्त्यातच उभे राहिले. सबंध पावसाळ्यात त्यांनी बायकोच्या तोंडून एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. त्यांनी पानावरची सगळी फुलं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तपकिरी पडून मऊ झाली होती आणि पद्मजाबाई पुन्हा गप्प.

"गयाबाई, ही झाडं कुठे मिळतात?" त्यांनी विचारलं.

"झारां? आमचे वहालावं हायेत की साहेब. गुरां पन तोंड लावीत नाय."

गयाबाईचा नवरा बुधाजी त्यांना ओहोळावर घेऊन गेला. दिनानाथांनी कागद-पेन काढून विचारलं, कधी लावता, खत कोणतं, पाणी किती. बुधाजी हसायलाच लागला. "यो कोन लावतय साहेब? यो आपला आपलाच येतो." त्यानं कुदळीनं एक ठोंब उपटला आणि आल्यासारखे गड्डे मातीसकट गोणपाटात भरून दिले.

दिनानाथांनी ते काम कारखान्यातल्या कामासारखं केलं. दोरी लावून चौकोन आखला, खोल खड्डे घेतले, शेणखत भरलं, गड्डे तळाशी ठेवून वरून माती दाबली. पंधरवडा गेला, काही उगवलं नाही. उकरून पाहिलं तर गड्डे कुजून लिबलिबीत झालेले. ते पुन्हा जांभूळला गेले. या वेळी त्यांनी ओहोळाच्या काठी उकिडवं बसून नुसतं पाहिलं. गड्डे वरच्या वरच, अर्धे उघडे, चिखलात पसरलेले होते. पाणी त्यांच्या अंगाशी लागून पुढे सरकत होतं, तुंबत नव्हतं. वर करंजाची सावली होती. घरी येऊन त्यांनी चौकोन मोडला, मागच्या कुंपणाशी पेरूच्या सावलीत उथळ चर काढला आणि कोंबाचा डोळा वर ठेवून गड्डे नुसते टेकवले.

आयुष्यात त्यांनी मातीत हात घातला नव्हता. आता सकाळी फाटका बनियन आणि जुनी अर्धी विजार चढवून ते मागे उतरत ते जेवायच्या वेळी वर येत. एका सकाळी ते कोपरापर्यंत चिखलात होते, तोंडावर शिंतोडे, डोक्याला पंचा. मागचं दार वाजलं. पद्मजाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. दिनानाथांना वाटलं, आता घाबरणार. ते तसेच वाकलेले राहिले.

"माळीदादा," पद्मजाबाई म्हणाल्या, "चहा घेणार का?"

दिनानाथांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. आणि जी चूक करू नये ती त्यांनी केली. "अगं पद्मा, मी आहे. दिनानाथ."

पद्मजाबाईंचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. दार आपटलं, कडी लागली. आतून गयाबाईला मारलेल्या हाका ऐकू आल्या.

दोन दिवसांनी दार पुन्हा उघडलं. "माळीदादा, चहा ठेवलाय." या वेळी दिनानाथांनी मान वर केली नाही. "द्या, बाई," ते म्हणाले.

मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर कान तुटलेला एक कप पालथा असे. कामाच्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला. ती मोहिल्यांच्याच घरची रीत, दिनानाथांच्या आईपासून चालत आलेली, आणि दिनानाथांनी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पद्मजाबाई बाकी सगळं विसरल्या होत्या, हे विसरल्या नव्हत्या. त्यांनी कप खाली ठेवायला लावला आणि हात न लागेल अशा बेतानं वरून चहा ओतला. त्यात पूड नव्हती, साखर नव्हती. गरम दुधाचं पाणी होतं. दिनानाथ उकिडवे बसून ते प्यायले.

"छान झालाय, बाई."

"आमच्या ह्यांना आवडतो माझ्या हातचा," पद्मजाबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. मोहिल्यांपासून दोन हातांवर, न घाबरता.

आत गयाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. पद्मजाबाई आत गेल्यावर ती म्हणाली, "साहेब, तुमी त्या कपानशी नका पिव. मना बघवत नाय."

"तू तिला काही सांगू नकोस," दिनानाथ म्हणाले. "चहा दिला ना तिनं मला."

तेव्हापासून दिनानाथ मोहिले आपल्या घरी माळी झाले. स्वच्छ कपड्यांत ते बायकोला परके होते. चिखलात उतरले की ती पायरीवर येऊन बसे. म्हणून ते रोज उतरत. झाडांना गरज असो-नसो, निंदायला काही तरी काढत. पण झाडांची गरजही कमी नव्हती. हिवाळा सरला तसा चर वाळू लागला. मोरीचं पाणी वळवलं तर साबणानं पानांच्या कडा जळाल्या. मग दिनानाथांनी साबण सोडला. मागच्या दगडावर बसून नुसत्या पाण्यानं अंघोळ करत, म्हणजे ते पाणी मुळांना जाई. वैशाखात नळ एका दिवसाआड येऊ लागला, तेव्हा शेजारच्यांच्या विहिरीवरून बादल्या आणल्या. पानं गुंडाळणाऱ्या अळ्या हातानं वेचल्या. पहिल्या पावसाळ्यात नुसती पानं आली, हळदीसारखी, माणसाच्या छातीपर्यंत. फूल एकही नाही.

"माळीदादा, घाई करायची नाही," पद्मजाबाईंनी पायरीवरून समजूत घातली. "हा रुसतो. जागा बदलली की रुसतो."

दिवाळीला मालिनी आली. पहिल्याच दिवशी मागच्या दारात तिनं बापाला त्या कपातून पिताना पाहिलं आणि आईनं बापाला "भांडं विसळून पालथं घाला हं" म्हणताना ऐकलं. ती बाहेरच्या खोलीत येऊन ढसढसा रडली.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही? तिला नीट समजावून सांगा ना!"

"सांगून पाहिलं."

"मग असंच राहणार?"

"ती माझ्याशी बोलते, मालू," दिनानाथ म्हणाले. "रोज बोलते. पूर्वी इतकं बोलत नव्हती."

आणि ते खरंच होतं. पायरीवर बसून पद्मजाबाई माळ्याला काय काय सांगत. रोह्याची विहीर, धाकट्या भावाला चावलेला कुत्रा, क्वार्टर्सच्या गच्चीवरून दिसणारं शिवमंदिर. गयाबाईनं मुद्दाम मांडीवर दिलेल्या वालांवर बोटं चालत असायची. एकदा दिनानाथांनी खुरपं चालवता चालवता विचारलं, "बाई, साहेब कसे आहेत हो?"

पद्मजाबाई लाजल्या. साठीच्या त्या बाईच्या गालावर नव्या नवरीसारखं काही तरी येऊन गेलं. "चांगले आहेत. कडक आहेत, पण मनात काही नसतं त्यांच्या." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फुलांचं मात्र त्यांना काही कळत नाही. क्वार्टर्सच्या मागे मोरीचं पाणी जातं ना, तिथे मी सोनटक्का लावला होता. माहेराहून गड्डा आणला होता, पदरात बांधून. किती पावसाळे गेले, फुलेचना. मग एका वर्षी कळ्या धरल्या. तेवढ्यात बाबा गेल्याची तार आली. मी रोह्याला गेले. दिवसकार्य करून परत आले, तर तिथे फरशी."

"फरशी?"

"स्कूटर ठेवायला. नवी स्कूटर घेतली होती ह्यांनी." त्या हसल्या. "इतके खुशीत होते! म्हणाले, बस, चक्कर मारून आणतो. मी बसले. शिवमंदिरापर्यंत गेलो. मला रडू येत होतं हो माळीदादा. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, वारं लागतंय डोळ्यांना."

दिनानाथांच्या हातातलं खुरपं थांबलं. ती स्कूटर त्यांना लख्ख आठवत होती. निळा रंग, पहिली चक्कर, देवळापाशी उतरून घेतलेले शेंगदाणे. वाऱ्यानं पाणावलेले बायकोचे डोळेही आठवत होते. त्या डोळ्यांवरून त्यांनी तिची थट्टासुद्धा केली होती. पण सोनटक्का? त्या जागी झाड होतं, कुणी तरी ते उपटलं, आपणच उपटायला सांगितलं, यातलं काही, काहीच त्यांना आठवेना. कधी विसरलो, हेही आठवेना. बहुधा ते कधी मनात शिरलंच नव्हतं.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "बाई," ते कसेबसे म्हणाले, "साहेबांचं चुकलं."

पद्मजाबाई ताठ झाल्या. वालांचं ताट बाजूला सारून उठल्या. "माळीदादा, साहेबांना नावं ठेवायची नाहीत. तुम्ही ओळखता का त्यांना? कामावर यायचं असेल तर नीट बोलायचं." आणि आत निघून गेल्या.

पुढचे काही दिवस मागे चहा आला नाही. दिनानाथ चिखलात उभे राहून दाराकडे बघत राहिले.

सोनटक्का फुलला तो त्र्याण्णवच्या भाद्रपदात. कुंपणाशी एका दांड्याच्या टोकाला हिरवं कणीस धरलं. दिनानाथांनी ते कुणाला दाखवलं नाही. संध्याकाळी त्यातून दोन कळ्या लांबल्या आणि उजेड असतानाच उकलल्या. त्यांनी हात धुतले, फुलं केळीच्या पानावर ठेवली आणि पायरीवर नेऊन दिली.

पद्मजाबाईंनी डोळे मिटून वास घेतला. कितीतरी वेळ घेतला. मग एक फूल त्यांनी आपल्या बारीक पांढऱ्या अंबाड्यात खोवलं, गयाबाईकडून लुगडं बदलून घेतलं, आणि दुसरं फूल वाटीत पाणी घालून समोरच्या खोलीत टेबलावर ठेवलं.

"हे कुणाला?" गयाबाईनं विचारलं.

"ह्यांना. आता येतीलच कामावरून."

त्या खुर्चीत बसून राहिल्या. दिवे लागले. "आज उशीर झाला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही फुलं उमलली, दुसऱ्या दिवशीही वाटी भरली. तिसऱ्या दिवशीही. दिनानाथ मागच्या अंगणातून खिडकीतून बघत होते. त्यांच्या बायकोनं त्यांच्यासाठी फूल ठेवलं होतं आणि त्यांना ते घ्यायला जाता येत नव्हतं.

शेवटी त्यांच्या मनानं घेतलं. ते स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडे गेले आणि केस काळे करून मागितले. "लग्न आहे काय घरात, साहेब?" न्हाव्यानं विचारलं. "हो," दिनानाथ म्हणाले. घरी येऊन पेटीतला राखाडी कोट काढला. खांद्यात तो सैल झाला होता. बुटांना पॉलिश केलं. आणि संध्याकाळी कारखाना सुटायच्या सुमाराला ते पुढच्या फाटकातून आपल्या घरी आले.

पद्मजाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी उजळलं असं दिनानाथांना वाटलं. मग त्यांची नजर दिनानाथांच्या सुरकुत्यांवरून, सैल गळ्यावरून फिरली.

"हे अजून आले नाहीत," त्या घरंदाजपणे म्हणाल्या. "बसा ना. तुम्ही कारखान्यातले का?"

"हो," दिनानाथ म्हणाले आणि बसले.

गयाबाईनं पाणी आणलं. तिचे डोळे वाहत होते. समोर वाटीत फूल होतं, हाताच्या अंतरावर. दिनानाथांनी त्याला हात लावला नाही. ते दुसऱ्या कुणासाठी ठेवलेलं होतं. नुसते फुलाकडे बघत बसले. आणि ती शांतता पद्मजाबाईंना सहन होईना. त्या चुळबुळू लागल्या, पाहुण्याकडे चोरून बघू लागल्या, शेवटी उठून मागच्या दाराशी गेल्या. "माळीदादा! अहो माळीदादा! जरा वर या ना!"

दिनानाथ उठले. पुढच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घालून मागे गेले. कोट काढून पेरूच्या फांदीवर टाकला, बूट भिरकावले, चरात हात घालून चिखल तोंडाला, हातापायांना फासला. मग पायरीपाशी आले.

"कुठे होता?" पद्मजाबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं आणि त्यांचा चिखलाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कपाला हात लागू न देणाऱ्या त्या बाईनं तो घट्ट धरून ठेवला. "कुणी तरी माणूस येऊन बसला होता घरात. मला भीती वाटली हो. तुम्ही जवळपास असलात म्हणजे बरं वाटतं."

"गेला तो, बाई. आता नाही यायचा."

पद्मजाबाई शांत झाल्या. त्यांचं लक्ष वर गेलं. "अगंबाई, केस काळे केलेत की! बायकोला आवडले का?"

"तिनं अजून पाहिले नाहीत," दिनानाथ म्हणाले.

त्यानंतर दोन पावसाळे पद्मजाबाई पायरीवर आल्या. पहिल्यात बोलल्या, दुसऱ्यात नुसत्या बसल्या. दुसऱ्या पावसाळ्यात सोनटक्का मागचं सबंध कुंपण धरून फुलला होता. दिनानाथांनी फूल पुढे केलं तर पद्मजाबाईंनी ते हातात घेतलं आणि भाजी निवडावी तशा पाकळ्या वेगळ्या करून ताटात टाकल्या. नाकाशी नेलं नाही. दिनानाथांनी दुसरं फूल त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी तोंड फिरवलं. "बाई," दिनानाथ म्हणाले, "मी माळी." पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर तशीच पुढे गेली, कुंपणापर्यंत, त्याच्यापलीकडे.

म्हणजे माळीही गेला होता.

हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. छातीत कफ दाटला. हिंगोरानी डॉक्टर घरी येऊन गेले आणि जाताना दिनानाथांच्या खांद्यावर नुसता हात ठेवून गेले. मालिनीला फोन केला, ती निघाली. दिनानाथांना एकाएकी वाटलं, एक फूल हवं. फुललेले दांडे दर वर्षीसारखे त्यांनी स्वतःच दिवाळीनंतर मुळाशी छाटले होते. ते जांभूळला गेले. बुधाजी आणि ते ओहोळाच्या काठानं वरपर्यंत गेले, पार दगडांपर्यंत. पिवळी पडलेली पानं होती, कणसांची वाळकी टरफलं होती. "आता नाय मिलायचा, साहेब," बुधाजी म्हणाला. "गौरीचे टायमाला जवां बोलाल तवां."

रिकाम्या हातानं परत येऊन दिनानाथांनी पाय धुतले, स्वच्छ सदरा घातला आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसले. कोटातली ती एक संध्याकाळ सोडली, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ कपड्यांत बायकोजवळ. दुपारचं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं.

"पद्मा," ते म्हणाले, "मी दिनानाथ."

ती घाबरली नाही. पदर ओढला नाही, किंचाळली नाही. घाबरायला लागतं तेवढंही तिच्यापाशी उरलं नव्हतं. दिनानाथांनी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. स्कूटरचं, फरशीचं, मला आठवतच नाही याचं. मला माफ कर, असं म्हणाले. चादरीवर तिची बोटं चालली होती, अंगठा आणि तर्जनी, वाल सोलल्यासारखी. दिनानाथांनी आपलं एक बोट त्या चिमटीत दिलं. पद्मजाबाई ते सोलू लागल्या. हळूहळू, मन लावून, ऊन पायांवरून उतरून जमिनीवर जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई दूध घेऊन आत गेली तेव्हा त्या गेल्या होत्या. मालिनी दुपारी पोचली. तिनं शेवंतीच्या वेण्या आणल्या होत्या, त्याच आईच्या अंगावर घातल्या.

ती म्हणाली, "बाबा, आता इथे कशाला राहता? चला बडोद्याला." दिनानाथ हो म्हणाले. पण दिवस झाले, ती परत गेली, ते राहिलेच. उन्हाळ्यात त्यांनी मागे पाऊल टाकलं नाही. चर सुकला. गयाबाईनं दोनतीनदा विचारलं, मग विचारायची थांबली. पावसाळ्यात गड्डे आपले आपले उगवले, गवतात घुसमटत, आणि भाद्रपदात कधी नव्हे एवढे फुलले. संध्याकाळ झाली की वास घरात शिरे. दिनानाथ मागच्या खिडक्या लावून घेत. फटींतून तो तरीही येई.

"साहेब," एका संध्याकाळी गयाबाई म्हणाली, "फुलां काढू? आमचे गवरीला नेतंय."

"ने," ते म्हणाले. "सगळी ने."

ती टोपली घेऊन मागे गेली. दिनानाथ खोलीत बसून राहिले. दांडे मोडल्याचे बारीक आवाज एकामागून एक येत होते. मग त्यांना राहवेना. ते दार उघडून पायरीवर आले. "अशी हिसडू नकोस," ते म्हणाले, "दांडा जातो. कणसातून फूल तेवढं खूड. मागाहून कळ्या येतात अजून."

गयाबाई बाजूला झाली. दिनानाथ पायजमा वर खोचून चिखलात उतरले आणि एकेक फूल खुडून तिच्या टोपलीत घालू लागले. फुलं पुष्कळ होती. मध्येच त्यांचे खांदे गदगदू लागले, तशी गयाबाईनं तोंड दुसरीकडे वळवलं आणि टोपली तेवढी पुढे धरून ठेवली.